न विचारलेला आकडा

(स्मृति-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



सरांचं नाव मागच्या फलकावर आहे. मी ते घेणार नाही, कारण वर्गात आम्ही ते कधी घेतलं नाही. नुसतं ‘सर’ म्हटलं की एकच माणूस समजला जायचा. दोन महिन्यांपूर्वी संयोजकांनी फोन करून विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, ‘नेटवर्क ड्रायव्हरला मोठ्या फ्रेम घ्यायला लावणं.’ पलीकडे बराच वेळ शांतता. मग हळूच प्रश्न आला, ‘म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवरच ना?’ मी म्हटलं, नाही, त्याच्या बराच खालचा मजला आहे. ते भले गृहस्थ आहेत, त्यांनी पत्रिका तशीच छापली.

सर आमचं संगणक जोडणीचं प्रात्यक्षिक घ्यायचे. केबल लावली, कार्डाचा हिरवा दिवा लागला, की आम्ही खूश. सर मात्र दोन्ही यंत्रांकडे बोट दाखवून विचारायचे, ‘यांचं आपसांत काय काय ठरलंय? आणि काय ठरायचं राहिलंय?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात मिळायचं. दुसऱ्याचं मिळायला मला पंधरा-वीस वर्षं नोकरी करावी लागली. त्या राहिलेल्या उत्तराची वही आज तपासायला द्यायची आहे, एवढंच समजा.

इथरनेटच्या तारेवरून जे काही जातं, मग तो बँकेचा व्यवहार असो की नातवाचा व्हिडिओ कॉल, ते तुकड्या-तुकड्यांनी जातं. या एकेका तुकड्याला फ्रेम म्हणतात. फ्रेमच्या तोंडाशी १४ बाइटांचा मथळा असतो: ६ बाइट कोणाकडे, ६ बाइट कोणाकडून, आणि २ बाइट आत काय भरलंय ते सांगायला. शेपटीला ४ बाइटांचा पडताळा, वाटेत काही बिघडलं का ते ओळखण्यासाठी. आणि मधला जो माल, तो जास्तीत जास्त १५०० बाइट. या मालाच्या मर्यादेला एमटीयू म्हणतात. मराठी माणसाच्या हिशेबात सांगायचं तर युनिकोडच्या सर्रास चालणाऱ्या साठवणीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे एका फ्रेममध्ये पाचशेच्या आतच चिन्हं मावतात. घट्ट अक्षरात लिहिलेलं एक पोस्टकार्ड. आज आपण अख्खे चित्रपट पाठवतो, ते असे पोस्टकार्डावर लिहून पाठवतो.

हा १५०० आकडा आला कुठून? इथरनेटची कल्पना बॉब मेटकाफ यांनी मे १९७३मध्ये झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात एका टिपणात मांडली. डेव्हिड बॉग्ज यांच्याबरोबर त्यांनी ती प्रत्यक्षात आणली. १९८० साली डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून १० मेगाबिट वेगाच्या इथरनेटचं विनिर्देशपत्र प्रसिद्ध केलं, आणि त्यात १५०० कायम झाला. त्या काळी एकाच जाड केबलवर सगळी यंत्रं टांगलेली असत. एक बोलू लागला की बाकीच्यांनी गप्प बसायचं. पूर्ण भरलेली एक फ्रेम त्या वेगाला तार सव्वा मिलिसेकंद अडवून ठेवी. फ्रेम याहून मोठी केली असती तर बाकीचे ताटकळले असते. शिवाय प्रत्येक कार्डावर निदान एक फ्रेम मावेल एवढी मेमरी हवी, आणि मेमरी तेव्हा सोन्याच्या भावाची होती. म्हणजे आकडा शहाणपणाचा होता, पण शहाणपण १९८० सालचं होतं.

पुढे सगळं बदललं. एकच केबल जाऊन प्रत्येकाची स्वतंत्र तार आणि मधे स्विच आलं. वेग १० मेगाबिटवरून १००, मग १००० म्हणजे एक गिगाबिट, मग १० गिगाबिट, आणि आता त्याच्याही कितीतरी पुढे. एवढ्या उड्या मारताना एकच गोष्ट जागची हलली नाही, ती म्हणजे १५००. कारण सरळ होतं. नवं स्विच जुन्या कार्डाशी बोललं पाहिजे, ही इथरनेटची सगळ्यात मोठी पुण्याई. ती कोणाला मोडायची नव्हती.

आता थोडं गणित. सर असते तर फळ्यावर करायला लावलं असतं. १५०० बाइट मालामागे मथळा, पडताळा, फ्रेमच्या आधीची ८ बाइटांची सलामी आणि दोन फ्रेममधली सक्तीची मोकळी जागा धरून तारेवर १५३८ बाइटांचा वेळ जातो. आतल्या मालातूनही पत्ता बघणारा आयपी आणि पोच सांभाळणारा टीसीपी हे दोघे २०-२० बाइट आपल्या मथळ्यासाठी काढून घेतात. उरतात १४६०. म्हणजे शंभरातले ९५ बाइट कामाचे. माल ९००० बाइटांचा केला तर हेच प्रमाण ९९च्या वर जातं. बचत किती? शेकडा चार. एवढ्यासाठी कोणी उठाठेव करणार नाही, आणि करूही नये.

खरी बचत तारेवर नाहीच, ती हमालीत आहे. एक गिगाबिटची तार पूर्ण भरून वाहू लागली की १५००च्या हिशेबाने सेकंदाला ८१ हजार फ्रेम येतात. ९०००च्या हिशेबाने १३ हजार ८००. माल तेवढाच, पण प्रत्येक फ्रेममागे सीपीयूला तेच सोपस्कार करावे लागतात: हातातलं काम थांबवा, फ्रेम बघा, मथळा सोडवा, कोणाची आहे ते शोधा, नोंद करा, पुन्हा आपल्या कामाला लागा. पाच हजार माणसांच्या पंगतीत भात वाटीने वाढायचा की परातीने, हा तो प्रश्न. भात तेवढाच शिजलेला असतो, वाढप्याच्या कमरेचं काय होतं ते बघायचं. १९९०च्या दशकाच्या अखेरीस गिगाबिट कार्डं आली तेव्हा सर्व्हरच्या सीपीयूची कमर खरोखरच मोडत होती.

त्या सुमारास अल्टिऑन नावाच्या कंपनीने आपल्या कार्डांत आणि स्विचांत ९००० बाइटांच्या फ्रेमची सोय दिली. लोकांनी त्यांना जम्बो फ्रेम म्हणायला सुरुवात केली. ९०००च का, यालाही कारण आहे. नेटवर्कवरून फाइली वाटणारी एनएफएस ही यंत्रणा तेव्हा ८ किलोबाइटचा एकेक ठोकळा पाठवत असे. ८१९२ बाइट आणि वरचे मथळे एका फ्रेममध्ये आरामात बसावेत, म्हणून ९०००. मग आणखी वर का गेले नाहीत? तर शेपटीच्या त्या चार बाइटांमुळे. तो पडताळा सुमारे साडेअकरा हजार बाइटांपर्यंत तीन बिट चुकले तरी हमखास पकडतो. त्यापलीकडे त्याची नजर अधू होते. म्हणजे हाही आकडा हवेतून आलेला नाही. पण त्याला इथरनेटचं मानक ठरवणाऱ्या संस्थेने, आयईईईने, कधी शिक्का दिला नाही. आजही देत नाही. २००६ साली त्यांनी वरच्या वेष्टणांसाठी फ्रेमची कमाल लांबी २००० बाइटांपर्यंत वाढवली, पण आतला माल १५००चाच ठेवला.

यात एक जुनी गाठही आहे. मथळ्यातले जे शेवटचे २ बाइट मी सांगितले, त्यांना दोन अर्थ आहेत. तिथला आकडा १५०० किंवा त्याहून कमी असेल तर ती मालाची लांबी. १५३६ किंवा त्याहून जास्त असेल तर तो मालाचा प्रकार. म्हणजे ‘माझी लांबी ९००० आहे’ हे वाक्य त्या व्याकरणात बोलताच येत नाही. ऐकणारा त्याला भलतंच काही समजेल.

आता आपण ड्रायव्हरच्या, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, पोटात शिरू. लिनक्सच्या यंत्रावर बसलेला प्रशासक एक ओळ टंकतो: आयपी लिंक सेट, पुढे कार्डाचं नाव, पुढे एमटीयू ९०००. एंटर मारला की काय होतं?

आधी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ड्रायव्हरने जाहीर केलेली कमाल मर्यादा बघतो. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने काहीच सांगितलं नसेल तर ती १५०० धरली जाते. किमान ६८, कमाल १५००. पूर्वी ही तपासणी प्रत्येक ड्रायव्हर आपापली करायचा, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. २०१७च्या सुरुवातीला आलेल्या ४.१० या आवृत्तीपासून ती कर्नलने एका जागी आणली. म्हणजे मोठी फ्रेम घेणं हा कार्डाचा निसर्गधर्म नाही. ‘माझं कार्ड एवढं घेऊ शकतं’ असं ड्रायव्हरला लेखी द्यावं लागतं.

परवानगी मिळाली की जागेचा प्रश्न. कार्डाकडे येणारी फ्रेम ठेवायला ड्रायव्हरने मेमरीत आधीच टोपल्या मांडून ठेवलेल्या असतात. त्यांना बफर म्हणतात, आणि त्यांचे पत्ते एका गोल यादीत लिहिलेले असतात, तिला रिंग म्हणतात. फ्रेम आली की कार्ड सीपीयूला न विचारता पुढच्या टोपलीत ती थेट ओतून मोकळं होतं. १५००ला २ किलोबाइटची टोपली पुरते. ९०००ला? इंटेलच्या एका गाजलेल्या गिगाबिट कार्डाची गोष्ट सांगतो. त्याच्या हार्डवेअरला टोपलीचे आकार दुपटीनेच कळत: २, ४, ८, १६ किलोबाइट. ९००० बाइट आठात मावत नाहीत, म्हणून सोळाची टोपली. तिच्यासोबत कर्नलचं स्वतःचं थोडं हिशेबाचं सामान असतं. ते धरून आकडा सोळाच्या किंचित वर जायचा, आणि कर्नलचा मेमरी वाटपवालाही दुपटीनेच देणारा, त्यामुळे हातात पडायची ३२ किलोबाइट. ९ हजार बाइटांच्या फ्रेमसाठी ३२ हजार बाइटांची जागा, तीही सलग. कर्नलचं पान ४ किलोबाइटचं, म्हणजे लागोपाठची आठ पानं रिकामी हवीत. सर्व्हर महिनाभर चालला की मेमरी विस्कटते. रिकामी पानं भरपूर असतात, पण सलग आठ नसतात. भरलेल्या एसटीत सुट्या जागा दहा दिसतात, पण चौघांच्या कुटुंबाला एकत्र बसायला बाकडं मिळत नाही, तसं. मग लॉगमध्ये मेमरी मिळाली नसल्याच्या ओळी पडायच्या आणि आलेली फ्रेम फेकली जायची. पुढे ड्रायव्हर शहाणे झाले. एकच फ्रेम दोन-तीन पानांत तोडून ठेवायची आणि शेवटच्या पानावर ‘इथे संपली’ अशी खूण करायची, ही रीत आली. आज बहुतेक चांगले ड्रायव्हर असंच करतात.

टोपल्या बदलायच्या म्हणजे आधी मांडलेल्या उचलाव्या लागतात. पुष्कळ ड्रायव्हर त्यासाठी कार्ड क्षणभर बंद करतात, रिंग मोडतात, नवी बांधतात, कार्ड पुन्हा सुरू करतात. जोडणी काही सेकंद तुटते. तेव्हा ही ओळ सोमवारी सकाळी अकरा वाजता टंकू नये. आणि नुसती टंकून भागतही नाही. यंत्र पुन्हा सुरू झालं की ती विसरली जाते, नेटवर्कच्या कायमच्या सेटिंगमध्ये वेगळी लिहावी लागते.

आता आकड्यांचा गोंधळ. लिनक्समध्ये ९००० म्हणजे फक्त माल, मथळा वेगळा. विंडोजमध्ये कार्डाच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘जम्बो पॅकेट’ नावाची खिडकी असते, तिथे बऱ्याचदा ९०१४ दिसतं. त्यात मथळ्याचे १४ धरलेले आहेत. कोणी शेपटीचे ४ धरून ९०१८ सांगतो. स्विचवर पुष्कळदा ९२१६ असतं. चौघेही आपापल्या जागी खरं बोलत असतात. पण एकाने ९००० म्हणजे अख्खी फ्रेम धरली आणि दुसऱ्याने नुसता माल, तर १८ बाइटांसाठी काम अडतं. १८ कशाला, चार बाइटांसाठीसुद्धा अडलेलं मी पाहिलं आहे. व्हीलॅन म्हणजे एकाच तारेवर वेगवेगळ्या खात्यांची नेटवर्कं चालवण्याची सोय. तिच्यासाठी फ्रेमला ४ बाइटांची चिठ्ठी लागते. १५१८ची फ्रेम १५२२ची होते. १९९८ साली हे मानकात आलं, पण काही जुन्या कार्डांचे ड्रायव्हर १५१८च्या पलीकडे एक बाइट घ्यायला तयार नसत. छोट्या फ्रेम सुखाने जायच्या, पूर्ण भरलेली मात्र दारात मरायची.

हे मरणं कसं दिसतं, ते अंगावर आलेल्या प्रसंगातून सांगतो. चूक माझीच होती, म्हणून सांगायला हरकत नाही.

एका कारखान्यात यंत्रभागांची सगळी ड्रॉइंग नव्या स्टोरेजवर हलवायची होती. सर्व्हरवर ९०००, स्टोरेजवर ९०००, मधल्या स्विचवरही ९०००. शनिवारी रात्री काम संपवलं. पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक मारली, उत्तर आलं. लॉगिन झालं. फोल्डरांची नावं दिसली. मी डबा उघडला. तेवढ्यात तिथला तरुण अभियंता म्हणाला, ‘साहेब, ड्रॉइंग उघडत नाही.’ नाव दिसतंय, क्लिक केलं की चक्र फिरतंय. दोन ओळींची टिपणाची फाइल मात्र झटकन उघडायची. आम्ही केबल बदलली. पुन्हा बदलली. कार्ड बदललं. स्टोरेजलाच दोष देऊन झाला. रात्रीचे दोन वाजले.

तेव्हा सरांचा प्रश्न आठवला. यांचं आपसांत काय ठरलंय? टीसीपीची जोडणी होताना दोन्ही टोकं एकमेकांना सांगतात, ‘मी एवढा मोठा घास घेतो.’ दोघांनीही ८९६० सांगितलेलं होतं, दोघांनाही ते मान्य होतं. एकाने जरी १४६० म्हटलं असतं तरी दोघं लहान घासावर आले असते आणि काम चाललं असतं. म्हणजे टोकांचं ठरलं होतं. मधल्याचं काय? मी तुकडे करायला मनाई करणाऱ्या पिंगने ८९७२ बाइट पाठवले. त्यात आयपीचे २० आणि पिंगच्या मथळ्याचे ८ मिळवले की बरोबर ९०००. उत्तर नाही. १४७२ पाठवले. लगेच उत्तर. १४७२ अधिक २८ म्हणजे १५००. स्विच अजून १५००वरच होतं!

पण सेटिंगमध्ये तर ९००० दिसत होतं. मीच लिहिलं होतं. पुस्तिका काढून वाचली. त्या जातीच्या स्विचवर हा आकडा बदलला तरी स्विच पुन्हा सुरू केल्याशिवाय लागू होत नसे. मी लिहिला होता, लागू केला नव्हता. पोर्टची आकडेवारी बघितली तर ‘जायंट’ नावाच्या रकान्यात भली मोठी संख्या. आमच्या प्रत्येक क्लिकला ती वाढत होती. स्विच चार तास ओरडून सांगत होतं, फक्त आम्ही त्या रकान्याकडे बघत नव्हतो. स्विच बंद करून चालू केलं, ड्रॉइंग उघडलं, गार झालेली पोळी खाल्ली.

घरी जाताना मात्र एक गोष्ट मनाला लागून राहिली. दोन इथरनेट यंत्रं जोडली की ती आपोआप वाटाघाट करतात. वेग किती ठेवायचा ते ठरवतात. एकाच वेळी दोघांनी बोलायचं की आळीपाळीने, ते ठरवतात. दमलो तर ‘थांब’ म्हणायची सोय असेल का, ते ठरवतात. गिगाबिटवर तर घड्याळ कोणाचं मानायचं तेही ठरवतात. पण ‘तू केवढी फ्रेम घेतोस?’ हे एक यंत्र दुसऱ्याला विचारत नाही. विचारायची जागाच त्या संवादात नाही. कारण संवाद रचला तेव्हा उत्तर सगळ्यांना पाठ होतं. १५००. ज्याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक, तो प्रश्न कोण कशाला ठेवेल? सरांना जे ‘ठरायचं राहिलंय’ म्हणायचं होतं, ते हे.

तुमच्यापैकी ज्येष्ठांना जुनं मिरज जंक्शन आठवत असेल. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज, तिन्ही तिथे एकत्र यायच्या. एका गेजच्या वाघिणीतला माल दुसऱ्या गेजला जाताना हमालांनी उतरवून पुन्हा भरायचा. इंटरनेटवर हे काम राउटर करायचा. मोठं पॅकेट, म्हणजे फ्रेमच्या आतला माल, लहान वाटेवर आलं की तुकडे करून पुढे पाठवायचा. ते महाग पडतं, म्हणून पुढे उलटी रीत आली. १९९०च्या आरएफसी ११९१ या दस्तऐवजाने ती घालून दिली. पाठवणाऱ्याने पॅकेटवर ‘तुकडे करू नका’ असं लिहायचं. वाटेतल्या राउटरला ते जड झालं तर त्याने उलट चिठ्ठी धाडायची, ‘माझ्याकडे एवढंच जातं, लहान करून आण.’ पाठवणारा ऐकतो, घास लहान करतो. व्यवस्था छान आहे, पण तिच्यात दोन भोकं आहेत. एक, अतिसावध फायरवॉलवाले ह्या चिठ्ठ्या संशयास्पद म्हणून अडवतात. मग पाठवणारा वाट बघत बसतो आणि पॅकेट काळ्या विवरात गेल्यासारखं नाहीसं होतं. दोन, आणि आपल्यासाठी महत्त्वाचं, चिठ्ठी राउटर पाठवतो, स्विच नाही. स्विचला आयपीची भाषा बोलायची नसते. त्याला न पेलणारी फ्रेम ते टाकून देतं, रकान्यात एक आकडा वाढवतं आणि गप्प बसतं. मिरजेत निदान हमाल माल उतरवताना दिसायचे. इथे वाघीण रुळावरून गायब होते आणि स्टेशनमास्तर वहीत एक रेघ ओढतो.

मग हा खटाटोप करावा तरी कोणी? इथे मला माझ्याच विषयाच्या विरुद्ध थोडं बोललं पाहिजे. गेल्या वीस वर्षांत कार्डं हुशार झाली. सीपीयूने ६४ किलोबाइटचा एक मोठा ठोकळा कार्डाकडे द्यायचा आणि कार्डाने त्याच्या १५००च्या फ्रेम पाडायच्या. येताना ड्रायव्हरने लागोपाठच्या फ्रेम पुन्हा जुळवून वर एकच ठोकळा द्यायचा. शिवाय दर फ्रेमला सीपीयूला उठवायचं नाही, घोळका जमला की उठवायचं. म्हणजे परातीने वाढण्याचा बराचसा फायदा वाटीतच मिळू लागला. घरच्या, दुकानाच्या, शाळेच्या नेटवर्कवर ९०००ची काही गरज नाही. आणि वायफाय किंवा इंटरनेटकडे जाणाऱ्या वाटेवर ही मोठी फ्रेम बसवायचा हट्ट तर नकोच.

पण काही ठिकाणी ती आजही जागेवर आहे. स्टोरेजची स्वतंत्र नेटवर्कं. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर चालती आभासी यंत्रं हलवणारी डेटा सेंटरं. कारखान्यात प्रत्येक सुट्या भागाचा फोटो काढून तपासणारे गिगाबिट कॅमेरे. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये आतल्या आत ९००१ बाइटांचा एमटीयू चालतो, पण त्याच यंत्रावरून इंटरनेटकडे निघालात की १५००. गूगलच्या क्लाउडमध्ये मुळात १४६० असतो, तो ८८९६पर्यंत वाढवता येतो. आणि आपल्या घरचं उदाहरण हवं असेल तर जुन्नर तालुक्यात खोडदला चला. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातून जे ऐकतात, ते फायबरवरून मध्यवर्ती इमारतीत येतं, तिथे त्याचे आकडे होतात आणि १० गिगाबिट इथरनेटवरून गणन करणाऱ्या संगणकांकडे धावतात. असा प्रवाह अखंड असतो, तो ‘थांब’ म्हटल्याने थांबत नाही. आकाश पुन्हा पाठवत नाही. म्हणून रेडिओ खगोलशास्त्रात ८ किलोबाइटच्या आसपासची पॅकेट वापरायचा प्रघात जगभर आहे, आणि ती १५००च्या फ्रेममध्ये मावत नाहीत.

लांबच्या अंतराचं गणितही लक्षात ठेवण्यासारखं आहे. मॅट मॅथिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवून दिलं की रूढ पद्धतीच्या टीसीपीचा वेग घासाच्या आकाराच्या प्रमाणात वाढतो, आणि जाऊन-येऊन लागणारा वेळ व हरवणाऱ्या पॅकेटांचं प्रमाण यांनी कमी होतो. समजा, जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद लागतात आणि दहा लाखांत एक पॅकेट हरवतं. १४६०च्या घासाला साधारण ११७ मेगाबिट वेग मिळेल, ८९६०च्या घासाला ७१७. तार तीच, हरवण्याचं प्रमाण तेच. दोन खंडांमध्ये विज्ञानाचा डेटा वाहून नेणारी संशोधन नेटवर्कं ९०००चा आग्रह का धरतात, ते यावरून कळेल.

आता शेवटचं, आणि हे मी समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना सांगतो आहे. बाकीच्यांनी घटकाभर पंखा घेतला तरी चालेल. जम्बो फ्रेम लावायची असेल तर आधी कागद घ्या. वाटेतल्या प्रत्येक यंत्राचं नाव लिहा: कार्ड, त्यावरचं आभासी स्विच, खरं स्विच, दुसरं स्विच, पलीकडचं कार्ड. प्रत्येकासमोर त्याचा आकडा लिहा, आणि त्या आकड्यात मथळा धरलाय की नाही तेही लिहा. आधी मधले बदला, टोकं शेवटी. मधल्याने मोठं घ्यायची तयारी दाखवली तर कोणाचं काही बिघडत नाही. टोकाने आधी मोठं बोलायला सुरुवात केली तर बिघडतं. एका विभागातली सगळी यंत्रं एकाच आकड्यावर हवीत. एखादा जुना प्रिंटर बसत नसेल तर त्याला दुसऱ्या विभागात हलवा. मग तुकडे न करणारं ८९७२चं पिंग, दोन्ही दिशांनी. मग यंत्रं बंद करून चालू करा आणि पुन्हा तेच पिंग. आणि दर महिन्याला एकदा त्या ‘जायंट’च्या रकान्यात डोकावा. गप्प बसणाऱ्या यंत्राला बोलायची तेवढी एकच जागा दिलेली आहे.

सरांच्या प्रयोगशाळेत प्रत्येक टेबलाला एक वही बांधलेली असायची, सुतळीने. जोडणीत जे जे बदललं ते तारखेसह तिच्यात लिहायचं, असा नियम. आम्ही त्याला हसायचो. त्या शनिवारी रात्री माझ्याकडे तशी वही असती, आणि तिच्यात ‘स्विच पुन्हा सुरू करणे बाकी’ एवढे पाच शब्द असते, तर मी साडेनऊला जेवलो असतो.

उद्यापासून आपापल्या रॅकला एक वही बांधा.